अरण्याचे रान

'अरण्य' हा शब्द आम्हां भाषेच्या मास्तरांनी फार गुळगुळीत करून टाकला आहे. अरण्यकांड, अरण्यवास, अरण्यरुदन! वर्गात दिवसातून चार वेळा तो तोंडातून जातो आणि शिकवणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेले अरण्य म्हणजे बहुधा पर्वतीमागची तळजाई असते. पण शब्दाच्या मुळाशी गेले की गंमत दिसते. संस्कृतात 'अरण' म्हणजे दूरचे, परके. जे आपले नव्हे, गावाच्या शिवेबाहेरचे, ते अरण्य. हाच शब्द प्राकृतातून घरंगळत मराठीत आला, तेव्हा झिजून झिजून त्याचे 'रान' झाले. आणि रान म्हणजे काय? देशावरच्या कुणाही शेतकरणीला विचारा. डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन ती म्हणते, "रानात चाललेय." म्हणजे स्वतःच्या शेतावर! परक्याचे घरचे कसे झाले याचा सगळा इतिहास या दोन अक्षरांत आहे. तो पायांखालून घालवावा लागतो, हे मात्र मला कोशाने सांगितले नव्हते.

वाचकहो, वर्षभर या सदरात आपण घरातल्या आणि गल्लीतल्या गोष्टी बोलतो. दिवाळी अंकात संपादक जागा सढळ हाताने देतात, म्हणून या खेपेला तुम्हांला जरा लांब नेतो. फराळाचे ताट जवळ असू द्या. वाट चौदाशे किलोमीटरांची आहे.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताला लागून सुपीरिअर नावाचे सरोवर आहे. त्याला सरोवर म्हणायचे ते केवळ पाणी गोडे म्हणून. विस्तार सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून अधिक. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. पृथ्वीच्या पाठीवर जेवढे म्हणून गोडे पाणी उघडे पडलेले आहे, त्याचा सुमारे दहावा भाग या एका खळग्यात साठला आहे. 'सुपीरिअर' या नावावरून हे सरोवर स्वतःला फार श्रेष्ठ समजते असे वाटेल. पण नाव ठेवले फ्रेंचांनी, आणि त्यांच्या भाषेत त्याचा साधा अर्थ 'वरचे सरोवर' एवढाच. तिथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांनी त्याला 'गिची गामी' म्हटले, थोर समुद्र. डोळ्यांनी पाहून ठेवलेले नाव ते हे.

या समुद्राच्या वरच्या काठाने थंडर बे या शहरापर्यंत एक रस्ता जातो. त्या रस्त्याने जाण्याचे आम्हां दोघांना कारण घडले ते असे.

आमची कन्या दापोलीला वनशास्त्राची पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी थंडर बेला गेली, त्याला २०२४ च्या उन्हाळ्यात वर्ष होत आले होते. मार्च महिन्यात तिचे पत्र आले. पत्र म्हणजे ई-मेलच, पण आईसाठी म्हणून सविस्तर मराठीत. बर्फ, प्रयोगशाळा, खोलीतल्या मैत्रिणी, वरणाला फोडणी दिली की वाजणारी धुराची घंटा, सगळे होते. अगदी तळाशी दोन ओळी होत्या. "शिक्षण संपल्यावर इथेच काम करावंसं वाटतंय. तुम्हां दोघांना काय वाटतं ते कळवा." वरच्या मजकुराला हिने त्याच रात्री उत्तर धाडले. खालच्या दोन ओळींना धाडले नाही. मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांत असे काही प्रश्न असतातच. ते फडताळात ठेवून द्यायचे आणि फडताळासमोरून जपून ये-जा करायची.

मेअखेरीस आम्ही टोरांटोला हिच्या मामेभावाकडे उतरलो. तिथून थंडर बेला विमान दोन तासांच्या आत पोचवते. मामेभावाने तिकिटे काढायचीही तयारी केली होती. पण ही म्हणाली, "विमानानं गेलो तर पोर किती लांब राहते ते कळायचंच नाही. मला ते अंतर बघायचंय."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मामेभावाने आपली राहुटी, दोन घड्यांच्या खुर्च्या आणि एक छोटी शेगडी दिली. मोटार भाड्याने घेतली. ती चालवण्याचे काम हिचे. मी शेजारी बसून नकाशा वाचतो आणि वळण निघून गेले की ते कुठे होते हे अचूक सांगतो. हिने सामानात भाजणी, बेसन, मेतकूट, लिंबाचे लोणचे आणि पुण्याहून आणलेला बिडाचा तवा घातला. "एवढं ओझं कशाला?" असे मामेभाऊ म्हणाला, तेव्हा ही नुसती हसली. उत्तर दिशेला निघालो होतो आणि उत्तरही बरोबर न्यायचे होते. हा श्लेष मी पहिल्या शंभर किलोमीटरांतच करून दाखवला. हिने गाडीचा वेग वाढवला.

पहिला मुक्काम सडबरीचा, टोरांटोपासून चारशे किलोमीटरांवर. हे निकेलच्या खाणींचे गाव. एके काळी इथे धातुक उघड्यावर भाजत. पुढे भट्ट्यांचा गंधकाचा धूर दशकानुदशके आसमंतावर बसला. झाडे गेली, माती वाहून गेली, खडक काळे पडले. मग १९७८ साली गावाने झाडे परत लावायचे मनावर घेतले. मातीतली आंबटाई मारण्यासाठी माणसांनी पोती खांद्यावर घेऊन टेकड्यांवर हातांनी चुनखडीची भुकटी पसरली, गवत पेरले, मग रोपे लावली. आजवर तिथे एक कोटीच्या वर झाडे लागली आहेत. रस्त्याकडेच्या कोवळ्या पाइनच्या रांगांकडे पाहून ही म्हणाली, "म्हणजे हे जंगल हातानं सारवलेलं आहे." मी 'कृत्रिम वनीकरण' असा शब्द योजणार होतो. तो गिळला.

सडबरीहून तीनशे किलोमीटर पश्चिमेला सू सेंट मरी, आणि तिथून उत्तरेकडे वळले की सुपीरिअरचा काठ सुरू होतो. तासाभराच्या अंतरावर पॅनकेक बे नावाचे प्रांतिक उद्यान आहे. 'उद्यान' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे संभाजी बाग आणि भेळेची गाडी येईल. ती पुसून टाका. काही किलोमीटर लांबीची पांढरी वाळू, मागे पाइन आणि बर्चची दाट झाडी, पुढे क्षितिजापर्यंत पाणी. झाडीत आखून दिलेल्या जागा. प्रत्येक जागेला क्रमांक, एक लाकडी मेज, एक लोखंडी कड्याची चूल. आपला परवाना मोटारीच्या काचेमागे ठेवायचा, म्हणजे रानात कोण कुठे आहे ते रखवालदाराला कळते.

नावाची कथा अशी सांगतात की, पूर्वी लोकरीच्या कातड्यांचा व्यापार करणारे नावाडी पश्चिमेकडून होड्या वल्हवत परतताना शेवटला तळ इथे टाकीत. पुढच्या ठाण्यावर नवा शिधा मिळायचा, म्हणून थैलीत उरलेल्या पिठाची ते इथे धिरडी घालीत. हे ऐकल्यावर हिने तवा काढला. जूनचा आरंभ होता, रात्री साडेनऊपर्यंत उजेड होता, थंडी हाडांत शिरत होती आणि काळ्या माश्या कानामागे डसत होत्या. अशा स्थितीत सुपीरिअरच्या काठी बेसनाचे पहिले धिरडे तव्यावर पडले. शेजारच्या राहुटीतले वृद्ध जोडपे वासाने येऊन उभे राहिले. त्यांनाही दोन-दोन वाढली. त्यांनी लोणचे मागून घेतले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

खरी मौज जेवणानंतर होती. उद्यानाचे नियम मोठे कडक. अन्नाचा कण बाहेर राहता कामा नये. भांडी घासल्याचे पाणी झुडपात ओतायचे नाही. रिकामा कप, लोणच्याची बाटली, एवढेच नव्हे तर दात घासायची पेस्टसुद्धा मोटारीत बंद करायची, कारण अस्वलाला वास लागतो. आणि एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते अस्वल पुन्हा पुन्हा येते आणि बहुधा जिवाला मुकते. जळण बाहेरून आणायचे नाही, तिथलेच विकत घ्यायचे. लाकडातून झाडांना खाणारी कीड एका रानातून दुसऱ्या रानात जाते. जे पायी आत खोल जातात ते आपल्या शिध्याची पिशवी दोरीने दोन झाडांच्या मध्ये उंच टांगतात. फलकावरचे ते चित्र पाहून ही आनंदाने ओरडली, "अहो, शिंकं! आपण मांजरासाठी करायचो, हे अस्वलासाठी करतात."

मी अरण्यात स्वैर, बेबंद असे काही पाहायला मिळेल या समजुतीने गेलो होतो. हिने पहिल्याच रात्री ओळखले की हे अरण्य म्हणजे फार काटेकोर घर आहे. झाकून ठेवा, पुसून घ्या, सांगून जा. त्या रात्री राहुटीत पडल्या पडल्या पाण्याचा आवाज ऐकत ती म्हणाली, "इथल्या बायकांचं आणि माझं पटेल."

याच किनाऱ्यासमोर, पाण्यात बऱ्याच आत, १० नोव्हेंबर १९७५ च्या रात्री वादळात 'एडमंड फिट्झजेरल्ड' हे खनिज वाहणारे अजस्र जहाज बुडाले. वरचे २९ जण गेले, एकही वाचला नाही. टेकडीवर एक सज्जा बांधला आहे, तिथून ती दिशा दिसते. आम्ही गेलो तेव्हा पाणी आरशासारखे निश्चल होते. ही बराच वेळ पाहत राहिली. "गोड्या पाण्याला एवढा राग येतो?" एवढेच तिने विचारले.

तिथून पुढे लेक सुपीरिअर प्रांतिक उद्यान, स्थापना १९४४, क्षेत्र सुमारे १,६०० चौरस किलोमीटर. महामार्ग त्याच्या पोटातून जातो. इथले पाहण्यासारखे स्थळ म्हणजे अगावाचा कडा. मोटार ठेवून खडकांच्या भेगांतून अर्धा किलोमीटर खाली उतरायचे. अखेरीस पाण्यात सरळ घुसलेला उभा कडा आणि त्याच्या पायथ्याशी पाण्याकडे कललेली अरुंद शिळा. त्या शिळेवरून, सरोवर शांत असेल तरच, कड्याला पाठ न लावता तोंड लावून सरकायचे. घसरलेल्यांसाठी दोर टांगून ठेवलेले आहेत. ते दिसल्यावर धीर येतो की जातो, हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर आहे.

कड्यावर गेरूसारख्या लाल रंगात ओजिब्वे लोकांनी काढलेली चित्रे आहेत. होड्या आहेत, मासे आहेत, घोड्यावरचा माणूस आहे. आणि मधोमध शिंगांचा, पाठीवर काटे असलेला एक प्राणी आहे, तो मिशिपेशू, पाण्याखालचा महामार्जार. सरोवर खवळते ते त्याच्या शेपटीने, शांत होते ते त्याच्या मर्जीने. शेजारी पाच होड्या आणि चार वर्तुळे. चार सूर्य, म्हणजे चार दिवसांत केलेला सरोवराचा प्रवास, असा त्याचा अर्थ परंपरेने लावतात. बाहेरच्या जगाला ही चित्रे कागदोपत्री एकोणिसाव्या शतकातच कळली होती. शिंगवॉक नावाच्या ओजिब्वे प्रमुखाने ती स्कूलक्राफ्ट नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याला भूर्जाच्या सालीवर काढून दाखवली होती. पण ती नेमकी कुठे आहेत, हे सेल्विन ड्यूडनी या संशोधकाने कडे धुंडाळत धुंडाळत १९५८ साली शोधले. संशोधकाने शोधले म्हणायचे ते आपल्यापुरते. ज्यांची होती त्यांना ती ठाऊकच होती. आजही ते लोक तिथे येऊन चिमूटभर तंबाखू वाहतात.

त्या शिळेवर उभे असताना मला माझा 'अरण' शब्द जरा खुपला. परके कुणाला? आम्हांला परके. त्या चार सूर्य मोजणाऱ्याला ते घरचे तळे होते.

उद्यानाच्या उत्तर टोकाला 'ओल्ड वुमन बे' आहे, म्हातारीचा उपसागर. समोरच्या उंच कड्यात एका वृद्धेचा चेहरा दिसतो म्हणतात. मला पंधरा मिनिटे दिसला नाही. हिला मोटारीतून उतरताक्षणी दिसला. "तुमच्या आत्याबाईच," ती म्हणाली. मग मलाही दिसला, आणि तिथून हलताना मी नकळत पदराकडे पाहून वाकलो.

वावा गावाच्या वेशीवर एक राक्षसी हंस उभा आहे, उंची अठ्ठावीस फूट, पोलादाचा. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९६० पर्यंत सू सेंट मरीहून वावाला मोटारीने येताच येत नव्हते. मधले रान आणि कडे फोडायला फार खर्च. त्या वर्षी सप्टेंबरात तो तुटलेला भाग जोडला गेला. पण नवा महामार्ग गावाच्या बाजूने निघून जाणार, मग थांबणार कोण? तेव्हा गावातल्या एका व्यापाऱ्याच्या कल्पनेतून हा हंस उभा राहिला. वावा म्हणजे ओजिब्वे भाषेत रानहंस. पहिला प्लास्टरचा होता, तो हवेने टिकेना. १९६३ साली पोलादाचा केला, तोही गंजला, तेव्हा २०१७ साली पुन्हा नवा बसवला. गावाला आपल्या दाराशी कुणीतरी थांबावे असे वाटते, त्यासाठी ते तीन वेळा हंस उभा करते. पोर परदेशी गेलेल्या आईबापांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

वावापासून व्हाइट रिव्हर नव्वदेक किलोमीटर. मधे वस्ती जवळपास नाही. दोन्ही बाजूंना काळी स्प्रूस, तळी, पुन्हा स्प्रूस. पुष्कळ पट्ट्यांत मोबाइल मुका होतो. रस्त्याकडेला मूस या अजस्र सांबराच्या चित्राचे पिवळे फलक, 'रात्री धोका' असे सांगणारे. मूस इतका उंच की मोटारीचे दिवे त्याच्या पायांवरच पडतात, म्हणून सूर्य मावळल्यावर शहाणा माणूस गाडी हाकत नाही. त्या नव्वद किलोमीटरांत आम्ही दोघे फारसे बोललो नाही. बावीस-तेवीस वर्षे आमच्या बोलण्याचा विषय मागच्या खोलीत अभ्यास करीत बसलेला असे. तो उठून गेल्यावर काय बोलायचे, याचा सराव अजून व्हायचा होता.

व्हाइट रिव्हरमध्ये शिरताच रस्त्याकडेला एक प्रचंड उष्णतामापक यंत्राचे चित्र आहे. पारा उणे ७२ फॅरनहाइट, म्हणजे उणे ५८ सेल्सिअसवर. कॅनडातली सर्वांत थंड जागा, असा दावा. तो काही खरा नाही. तो मान युकॉनमधल्या स्नॅगचा, १९४७ साली तिथे उणे ६३ नोंदले गेले. हे मी हिला तत्परतेने सांगितले. पण आकडा खोटा म्हणून थंडी खोटी ठरत नाही. ही त्या पाऱ्याकडे पाहत उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे कोण उभे होते हे मला दिसत होते.

त्याच गावात एका अस्वलाच्या पिलाचा पुतळा आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धावर निघालेल्या हॅरी कोलबर्न नावाच्या लष्करी पशुवैद्याने इथल्या फलाटावर एका फासेपारध्याकडून वीस डॉलरना ते पिलू घेतले. आपल्या विनिपेग शहरावरून त्याचे नाव विनी ठेवले आणि इंग्लंडला नेले. फ्रान्सला जाताना त्याला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवले, ते १९३४ साली मरेपर्यंत तिथेच राहिले. तिथेच मिल्न या लेखकाच्या छोट्या मुलाचा त्याच्यावर जीव जडला आणि १९२६ साली 'विनी द पू' हे पुस्तक आले. आमच्या कन्येने लहानपणी त्या अस्वलाची उशी फाटेपर्यंत वापरली होती. हिने पुतळ्याच्या पायावर हात ठेवला. "हेपण इथूनच गेलं होतं तर," ती म्हणाली.

रात्री उतरलो त्या मोटेलची मालकीण साठीपुढची होती. हिने तिला विचारले, आणि मला कळले की हा प्रश्न पुण्यापासून बरोबर आला आहे, "हिवाळ्यात तुम्ही कसं करता?" बाईंनी शांतपणे सांगितले. सप्टेंबरात लाकडे रचून ठेवायची. रात्री मोटारीच्या इंजिनाला विजेची वायर लावून ठेवायची, नाही तर सकाळी ते उठत नाही. गाडीत मेणबत्ती, काडेपेटी, घोंगडी आणि फावडे हवेच. "आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदा खिडकीतून शेजारणीचं धुराडं बघायचं. धूर दिसला नाही, तर जाऊन दार ठोठवायचं."

खोलीत आल्यावर ही म्हणाली, "वाडाच की हा. आपल्या आजेसासूबाई नळावर कोण आलं नाही ते बघायच्या, तसं." आणि त्या रात्री तिने प्रथमच फडताळ उघडले. "तिला परत ये म्हणून लिहायचं माझ्या मनात होतं. तीन वेळा लिहिलं आणि पुसलं. तुम्ही काय लिहिणार होता?"

मी म्हणालो, "मी तुझी वाट बघत होतो."

"तेच," ती म्हणाली. मग आम्ही बऱ्याच रात्रीपर्यंत बोललो. कन्येविषयी थोडे, आणि आमच्या दोघांविषयी, आजारपणात कोण, म्हातारपणी कोण, या न विचारायच्या प्रश्नांविषयी पुष्कळ. ते सगळे इथे लिहिण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी अशा दोन ओळी आल्या आहेत, त्यांना ते पाठ आहे.

पुढचा रस्ता मी आटोपता घेतो. मॅरेथॉन या नावात मला उगाच मराठी ऐकू आले, पण गावाचे नाव एका कागद कंपनीवरून पडले आणि तिची गिरणी २००९ साली बंद झाली. जवळच पुकास्क्वा राष्ट्रीय उद्यान, १,८७८ चौरस किलोमीटर. लिहितात असे आणि उच्चारतात 'पकसॉ', म्हणजे शुद्धलेखनाचे हाल सर्वत्र सारखेच. नेइसच्या सुंदर वाळवंटावर दुसऱ्या महायुद्धात जर्मन अधिकाऱ्यांचा बंदिवास होता. मागे अरण्य आणि पुढे सरोवर, भिंती आयत्याच. एकाच जागी कुणी कैदेत असतो आणि कुणी पैसे भरून राहुटी ठोकतो. इथूनच पिक बेट दिसते. चित्रकार लॉरेन हॅरिस १९२० नंतरच्या दशकात या काठावर येत राहिला आणि या बोडक्या डोंगरांना त्याने कॅनडाच्या घराघरांतल्या भिंतींवर नेले.

निपिगॉन नदीवर पूल आहे. देशाच्या पूर्व आणि पश्चिम अंगांना जोडणारा रस्ता इथे एकच उरतो. नवा तारांनी तोललेला पूल नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाला आणि १० जानेवारी २०१६ रोजी थंडीवाऱ्यात बोल्ट तुटून त्याचा एक भाग सुमारे दोन फूट वर उचलला गेला. एवढा अवाढव्य देश, पण त्या दिवशी त्याचे दोन तुकडे झाले. पलीकडे जायचे तर अमेरिकेतून वळसा. दुसऱ्या दिवशी एक मार्गिका खुली झाली. आज तो दुरुस्त होऊन पूर्ण झाला आहे. पुलावरून जाताना हिने खिडकी खाली केली आणि नदीत एक नाणे टाकले. नर्मदेवरून जाताना टाकतात तसे.

थंडर बेच्या अलीकडे रस्त्याच्या उंचवट्यावर टेरी फॉक्सचा पुतळा आहे. कर्करोगाने उजवा पाय गेलेल्या या मुलाने कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवायला कृत्रिम पायाने देश पळत ओलांडायचे ठरवले. १२ एप्रिल १९८० रोजी तो अटलांटिकच्या काठावरून निघाला. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला या रस्त्यावर तो थांबला. रोग फुप्फुसांत पोचला होता. पुढल्या वर्षी २८ जूनला तो गेला, तेवीस पूर्ण व्हायला महिना होता. 'जिवाचे रान करणे' हा वाक्प्रचार मी पंचवीस वर्षे शिकवतो आहे. त्याला यापुढे दुसरे उदाहरण देणे मला जमेलसे वाटत नाही.

मी हिला सांगितले, की त्याच्या आईने आधी या बेताला विरोध केला होता. नंतर ती त्याच्या पाठीशी उभी राहिली, आणि तो गेल्यावर २०११ साली स्वतः जाईपर्यंत त्याचेच काम करीत राहिली. हिने पुतळ्याला नमस्कार केला. समोर सरोवरात आडवा पडलेला डोंगर दिसत होता, त्याला 'निजलेला महापुरुष' म्हणतात. संध्याकाळच्या उन्हात तो कूस बदलील असे वाटत होते.

कन्येची बिऱ्हाडाची खोली लहान, नीटनेटकी. आईने आल्या आल्या कोट पाहिला, बूट पाहिले, खिडकीच्या फटी पाहिल्या आणि शेजारी कोण राहते याची चौकशी केली. तळाच्या दोन ओळींचा विषय कुणी काढला नाही. चार दिवस भाजणीची थालिपिठे, फिरणे, गप्पा. जॅक पाइनची घट्ट मिटलेली फळे तिने आम्हांला दाखवली. राळेने बंद झालेली ती फळे वणव्याची धग लागली म्हणजे उघडतात आणि जळल्या जमिनीवर बी पडते. निघायच्या आदल्या रात्री हिने तवा घासून, पुसून, तेलाचा हात लावून कन्येच्या फळीवर ठेवला. म्हणाली, "साबणानं घासायचा नाही. आणि रोज वापरायचा, नाही तर गंजतो."

कन्येने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मग ती आईच्या गळ्यात पडली.

सकाळी साडेपाचला तिला न्यायला गाडी आली. झाडे मोजायला आत जायचे होते, चार दिवसांचे काम. नारिंगी जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण, पाठीवर पिशवी. तिच्या गाडीतली मंडळी इंग्रजीत घाई करीत होती. दारातून वळून ती आईला म्हणाली, "आई, रानात जाऊन येते गं."

दापोलीला उचललेला शब्द असावा. ही म्हणाली, "ये."

परतीच्या वाटेवर पॅनकेक बेला थांबलो, पण तवा नव्हता. पावाला मेतकूट लावून खाल्ले. सामानाची बांधाबांध करताना ही हिशेब करीत होती. पुढल्या खेपेला येताना आणखी काय काय आणायचे, त्यात खलबत्ता पहिला होता.